लहान मुलांना ‘बिंदू’ कसा शिकवावा? पालक आणि शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालवाडीपासून साधारण पाचवीपर्यंतच्या मुलांना भूमितीतला बिंदू कसा समजावायचा, याबद्दल पालक आणि प्राथमिक शिक्षक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. त्यांच्यामागे माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगते. बिंदू ही वस्तू म्हणून शिकवू नये, जागा म्हणून शिकवावा. हे एकदा नीट जमलं की पुढची रेषा, रेषाखंड, कोन ही सगळी मंडळी मुलांना जड जात नाहीत.

बिंदू म्हणजे काय, हे मुलाला एका वाक्यात कसं सांगू?

‘नेमकी जागा’ एवढंच सांगा. सात-आठ वर्षांच्या मुलाला याहून जास्त व्याख्या लागत नाही.

ग्रीक गणिती युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास भूमितीची मांडणी केली, तेव्हा पहिलीच व्याख्या बिंदूची दिली: ज्याला भाग नाही तो बिंदू. ही व्याख्या ऐकायला सुरेख आहे, पण ती ऐकून कोणाला बिंदू कळला असं होत नाही. पुढे १८९९ मध्ये जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी भूमितीचा पाया नव्याने घातला. त्यांनी बिंदू, रेषा आणि प्रतल (सपाट पृष्ठ) यांची व्याख्या करण्याच्या फंदात न पडता त्यांचे एकमेकांशी असलेले संबंध सांगितले. मोठमोठ्या गणितज्ञांनी जी व्याख्या सोडून दिली, ती पहिली-दुसरीच्या मुलाकडून पाठ करून घेण्यात काय अर्थ आहे? ‘इथे कुठेतरी’ आणि ‘बरोबर इथे’ यांतला फरक मुलाला दाखवता आला, की त्या वयाचं काम झालं.

ठिपका आणि बिंदू यांत फरक आहे का? तो कसा दाखवायचा?

फरक आहे, आणि तो बोलून दाखवण्यापेक्षा हाताने करून दाखवणं सोपं. एक कोरा कागद घ्या आणि पेन्सिल लांब ठेवा. कागद कसाही तिरका दुमडा, घडीवर नखाने दाब द्या आणि उघडा. आता वेगळ्या दिशेने दुमडा, पण पहिल्या घडीला छेद जाईल अशा बेताने. कागद उघडला की दोन घड्या एके ठिकाणी एकमेकींना छेदलेल्या दिसतील. मुलाला म्हणा, “जिथे दोन घड्या भेटतात, तिथे बोट ठेव.”

मूल बोट ठेवेल. मग विचारा, “बोटाखाली तर किती तरी कागद झाकला गेला. अजून नेमकं दाखव ना.” मूल करंगळीचं नख टेकवेल. “अजून नेमकं?” मग पेन्सिलचं टोक येईल, मग मोठ्यांच्या मदतीने टाचणी. दरवेळी दाखवायचं साधन बारीक होत जातं आणि जागा मात्र तीच राहते. मुलाने हे स्वतःच्या हाताने केलेलं असतं, म्हणून ते त्याच्या मनात बसतं.

आता त्या जागी पेन्सिलने ठळक ठिपका काढायला सांगा आणि मग तो खोडायला लावा. “ठिपका गेला. जागा गेली का?” घड्या तिथेच असतात, त्यामुळे बहुतेक मुलं ठामपणे ‘नाही’ म्हणतात. तेव्हा सांगा, “ती जागा म्हणजे बिंदू. ती विसरू नये म्हणून आपण खूण करतो, तो ठिपका.”

खोलीचा कोपराही असाच उपयोगी आहे. दोन भिंती आणि जमीन जिथे एकत्र येतात, तिथे कोणी ठिपका काढलेला नसतो, तरी बिंदू असतो. घरात असे आणखी बिंदू शोधायला सांगा. टेबलाचे कोपरे, खिडकीच्या गजांचे छेद, पतंगाच्या दोन काड्या जिथे बांधतात ती जागा, असं बरंच सापडतं.

कोणत्या वयात सुरुवात करावी?

तीन-चार वर्षांच्या मुलाशी ‘बिंदू’ हा शब्द न वापरता सुरुवात करा. वर, खाली, मध्ये, कडेला, टोकाला, कोपऱ्यात या शब्दांची भरपूर सवय व्हायला हवी. पाच-सहाव्या वर्षी खुणा करणं आणि खुणा जोडणं, सात-आठव्या वर्षी ‘बिंदू’ हा शब्द, नऊ-दहाव्या वर्षी एकरेषीय (एकाच रेषेवरचे) आणि नैकरेषीय (एका रेषेवर नसलेले) बिंदू, असा क्रम मला योग्य वाटतो. बिंदूला लांबी, रुंदी, जाडी नसते हे वाक्य मात्र घाईने तोंडी घालू नका.

घाई का नको, याला आधार आहे. जाँ पियाजे आणि बेर्बेल इनहेल्डर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांच्या मनातल्या अवकाशाच्या कल्पनांवरचं आपलं काम १९४८ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात मुलांना साधारण असं विचारलं होतं: या रेघेचा अर्धा भाग कर, त्याचा अर्धा, त्याचाही अर्धा. असं करत गेलास तर शेवटी काय उरेल? लहान मुलं थोड्याच पायऱ्यांत थांबत, आणि उरलेला तुकडा मूळ आकारासारखाच असणार असं त्यांना वाटे. म्हणजे रेघेतून इवलीशी रेघ उरणार आणि चौकोनातून इवलासा चौकोन. वय वाढेल तशा पायऱ्या वाढत. हे तोडणं कधी संपणारच नाही आणि बिंदूला आकारच नाही, ही समज साधारण अकरा-बाराव्या वर्षी येताना त्यांना दिसली. म्हणून तिसरीतल्या मुलाला बिंदू म्हणजे ‘खूप खूप बारीक गोल’ वाटत असेल, तर काळजी करू नका. त्याच्या वयाला ते साजेसंच आहे.

घरी कोणतं साहित्य लागेल?

विकत काही आणायची गरज नाही. टिकल्यांचं एक पाकीट, मूठभर मूग, थोडी मोहरी, सुतळी आणि पाठकोरे कागद पुरेत. टिकल्या तर फार सोयीच्या. भिंतीवर, फरशीवर, वहीत कुठेही लावा, काढा, पुन्हा लावा. मोठी टिकली लावा, मग तिच्या मधोमध छोटी लावा आणि विचारा, “जागा बदलली का?” अगदी लहान मूल घरात असेल तर दाणे वापरताना जवळ बसा, कारण नाकाकानात घालायचा धोका असतो.

सुताराकडून प्लायवूडचा वीतभर चौकोनी तुकडा मिळाला, तर त्यावर सारख्या अंतरावर खिळे ठोकून रबरबँड ताणायची पाटी करता येते. कॅलेब गॅटेनो या गणितशिक्षकाने १९५० च्या दशकात ही पाटी शाळांमध्ये रुजवली, जिओबोर्ड म्हणून ती दुकानातही मिळते. खिळ्यांची डोकी बोथट आणि गुळगुळीत हवीत.

ठिपक्यांच्या रांगोळीचा उपयोग होतो का?

होतो, आणि आपल्याकडे याहून चांगलं साधन शोधून सापडणार नाही.

अनेक घरांत अजून रांगोळीचा कागद असतो. जुनं वर्तमानपत्र किंवा जाड कागद घेऊन त्याला सारख्या अंतरावर उदबत्तीने भोकं पाडलेली असतात. कागद जमिनीवर ठेवून वरून रांगोळी पसरून हात फिरवला, की खाली ठिपके उमटतात. असा कागद मुलासमोर तयार करा. उदबत्ती मोठ्यांनी धरावी आणि भोक कुठे पाडायचं ते मुलाने पट्टीने मोजून सांगावं. ठिपका काढण्याआधी त्याची जागा ठरवावी लागते, हे मुलाला इथे आपोआप कळतं.

मग एक प्रयोग करा. ठिपके उमटले की एका ठिपक्यावर चिमूटभर रांगोळी जास्त टाकून तो जाडजूड करा आणि नक्षी पूर्ण करा. नक्षीचं काही बिघडत नाही. आता तीच रांगोळी पुन्हा काढा, पण एक ठिपका दोन बोटं बाजूला सरकवा. पाकळी वाकडी होते आणि लांबूनही चूक दिसते. ठिपका लहानमोठा झाला तर चालतं, जागा हलली तर चालत नाही. बिंदूबद्दल मुलाला जे कळायला हवं, ते सगळं या प्रयोगात आहे.

ठिपके मांडायच्या दोन पद्धतीही मुलांना दाखवा. ‘५ ठिपके ५ ओळी’ म्हटलं की ठिपके एकाखाली एक येतात आणि एकूण २५ होतात. ‘५ ते ३’ म्हटलं की मधल्या ओळीत ५, तिच्या वर-खाली ४-४ आणि शेवटी ३-३, असे मिळून १९ होतात, आणि प्रत्येक ओळीतले ठिपके शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मध्ये बसतात. पहिल्या मांडणीत आतल्या ठिपक्याला सगळ्यात जवळचे शेजारी चार, दुसरीत सहा. हे शेजारी मुलांना मोजू द्या. जवळचे ठिपके जोडले की पहिल्या मांडणीत चौरस मिळतात आणि दुसरीत त्रिकोण. हे त्रिकोण सगळ्या बाजूंनी सारखे यायला हवे असतील, तर ओळींमधलं अंतर थोडं कमी ठेवा. ठिपक्यांमध्ये ५ सेंटिमीटर असतील, तर ओळींमध्ये साधारण ४.३ सेंटिमीटर. चौथी-पाचवीच्या मुलांना हे मोजून करायला आवडतं.

चेन्नई-बंगळुरूकडे राहणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनी दारातला कोलम, म्हणजे तिकडची ठिपक्यांची रांगोळी, पाहिलेला असतो. त्यातल्या बऱ्याच नक्षींत रेघ ठिपक्यांवरून न जाता त्यांच्याभोवती वळते. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी काढून बघायला हरकत नाही.

‘ठिपके जोडा, चित्र पाहा’ ही पुस्तकं चालतील का?

चालतील, पण त्यातून मूल मुख्यतः अंकांचा क्रम शिकतं. भूमिती हवी असेल तर आकडे नसलेले ठिपके द्या आणि मुलालाच ठरवू द्या कुठून कुठे जायचं. चारच ठिपके दोन मुलांनी वेगवेगळ्या क्रमाने जोडले, की दोन वेगळ्या आकृत्या होतात. त्यावर त्यांना आपसात बोलू द्या.

मूल पट्टीवर १ पासून मोजतं. याचा बिंदूशी काही संबंध आहे का?

थेट संबंध आहे, आणि माझ्या मते प्राथमिक शाळेत या एका गोष्टीकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. मूल रेघोट्या मोजत असतं, रेघोट्यांमधलं अंतर मोजत नसतं. त्याच्या दृष्टीने मोजणी एकपासून सुरू होते, मग पट्टीवरही पहिली खूण एकचीच असायला हवी, हा विचार त्याच्या परीने बरोबरच आहे.

याचा उपाय पट्टीवर नाही, जमिनीवर आहे. फरशीवर एका ओळीत सहा टिकल्या लावा. मुलाला पहिल्या टिकलीवर उभं करा आणि विचारा, “शेवटच्या टिकलीपर्यंत किती उड्या लागतील?” पुष्कळ मुलं ‘सहा’ म्हणतात. उड्या मारून पाहिल्या की पाच निघतात. मग चार टिकल्या लावून, दहा लावून पाहा. थोड्या वेळाने मूल स्वतःच म्हणेल की उड्या एक कमी असतात. आता पहिल्या टिकलीखाली ० लिहा. उभं राहायची जागा शून्य, पहिली उडी संपते तिथे एक. यानंतर पट्टी हातात द्या. शून्याची खूण आणि पट्टीची कड यांत थोडं अंतर असतं, तेही याच वेळी दाखवा, कारण बरीच मुलं कडेपासूनच मोजतात.

बिंदूंना नावं कधी द्यायची?

एकापेक्षा जास्त बिंदूंबद्दल बोलायची वेळ आली की. ‘तो तिकडचा, नाही, त्याच्या बाजूचा’ असा गोंधळ एकदा होऊ द्या. मग नावाची गरज मुलालाच पटते. घरी अ, ब, क चालेल. शाळेच्या पुस्तकांत ए, बी, सी अशी मोठी इंग्रजी अक्षरं वापरतात, त्यांची सवय तिसरी-चौथीत होते. अक्षर बिंदूच्या शेजारी लिहायचं, बिंदूवर नाही, एवढं बघा.

‘दोन बिंदूंतून एकच रेषा जाते’ हे वर्गातल्या चाळीस मुलांना कसं दाखवणार?

मैदानावर न्या. फक्कीने दोन खुणा करा, प्रत्येक खुणेवर एक मूल उभं करा आणि दोघांच्या हातात सुतळीचं एक एक टोक द्या. सुतळी सैल असताना ती हवी तशी वळते. ताणली की एकच वाट उरते. “आता दुसरी ताणलेली वाट दाखवा,” म्हटल्यावर मुलं बराच प्रयत्न करतात, तो करू द्या. मैदानावर जे ताणलं जातं तो खरं तर रेषाखंड असतो, त्याला दोन टोकं म्हणजे अंत्यबिंदू असतात. रेषा दोन्ही बाजूंना पुढे जातच राहते, हे त्याच वेळी हाताने दाखवा.

नंतर तिसरी खूण करा. तिन्ही मुलं एका रेषेत आहेत का, हे पाहायचं साधन प्रार्थनेच्या रांगेतच आहे. टोकाच्या मुलाने समोर पाहिलं, की फक्त पुढच्याचं डोकं दिसायला हवं आणि त्याच्या पुढचं झाकलं जायला हवं. तसं झालं तर बिंदू एकरेषीय, नाहीतर नैकरेषीय. मग मोजणी करा. दोन मुलांमध्ये एक सुतळी, तिघांमध्ये तीन, चौघांमध्ये सहा, पाच जणांमध्ये दहा, मात्र कोणतेही तिघं एका रेषेत नकोत. सहाव्या मुलाला किती नवीन सुतळ्या लागतील, हा प्रश्न वर्गावर टाका आणि उत्तर सांगायची घाई करू नका.

शाळेजवळ बांधकाम चालू असेल तर गवंड्याचं काम दाखवायला न्या. तो आधी भिंतीच्या दोन टोकांच्या विटा पक्क्या बसवतो, त्यांना सूत ताणतो आणि मधल्या विटा सुताला धरून लावत जातो. दोन बिंदू ठरले की रेषा ठरते, यावरच त्याची सगळी भिंत उभी राहते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर झोपायची सोय असेल तर सप्तर्षी दाखवा. पुलह आणि क्रतू हे चौकोनाच्या कडेचे दोन तारे. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा मनाने पुढे वाढवली, त्या दोघांमधल्या अंतराच्या साधारण पाचपट, की ध्रुवतारा सापडतो. हिवाळ्यात मृग नक्षत्रातला बाण दाखवा. त्यातले तीन तारे जवळजवळ एकरेषीय दिसतात.

मुलाला कमी दिसतं किंवा अजिबात दिसत नाही. त्याला बिंदू कसा शिकवू?

हाताला लागेल अशी खूण द्या. पुठ्ठ्यावर चिकटवलेले मूग, फुगीर टिकल्या, ताणलेला दोरा. घडीचा कागद तर तसाच्या तसा चालतो, दोन घड्यांचा छेद बोटाला स्पष्ट लागतो. मूल ब्रेल शिकत असेल तर नेमक्या जागेचं महत्त्व त्याला इतर मुलांपेक्षा आधी कळलेलं असतं. ब्रेलच्या एका घरात दोन उभ्या ओळींत तीन-तीन अशा सहा जागा असतात. ठिपके सगळे सारखेच, कोणत्या जागी आहेत त्यावर अक्षर ठरतं. म्हणून अशा मुलालाच वर्गात बिंदूबद्दल बोलायला पुढे बोलवा.

संगणक किंवा मोबाइल वापरावा का?

आठव्या वर्षाआधी गरज नाही. त्यानंतर जिओजेब्रा हे मोफत सॉफ्टवेअर एका गोष्टीसाठी जरूर वापरा. त्यात एकमेकांच्या अगदी जवळ दोन बिंदू काढा आणि चित्र मोठं करत जा. बिंदूंमधलं अंतर वाढत जातं, ठिपके मात्र तेवढेच राहतात. कागदावरचा ठिपका भिंगाखाली धरला की तो फुगतो आणि त्याच्या कडा खडबडीत दिसतात. दोन्ही एकाच बैठकीत दाखवा आणि मुलांना काय वाटतं ते विचारा.

मुलाला कळलं आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

व्याख्या विचारू नका. दोन बिंदू काढून विचारा, “या दोघांच्या मध्ये आणखी बिंदू आहे का?” मूल ‘नाही, कारण काढलेला नाही’ म्हणालं, तर ते अजून ठिपक्यांबद्दल बोलत आहे. ‘आहेत, पण आपण खूण केली नाही’ म्हणालं, तर वाट बरोबर आहे. आणखी एक प्रश्न असा: एक जाड आणि एक बारीक ठिपका काढा आणि कोणता बिंदू मोठा ते विचारा. उत्तर चुकलं तर दुरुस्त करत बसू नका, काही दिवसांनी पुन्हा घडीचा कागद काढा.

“लांब रेघेत जास्त बिंदू असतात का?” असं मुलाने विचारलं तर?

हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला पहिल्यांदा शाबासकी द्या. ‘दोन्हीकडे अगणित असतात’ एवढं सांगून त्याला वाटेला लावू नका, कारण त्याचं समाधान होत नाही.

कागदावर एक लांब रेषाखंड काढा आणि त्याच्या वर, त्याला समांतर, एक आखूड रेषाखंड काढा. दोघांची डावी टोकं एका रेषेने जोडा, उजवी टोकं दुसऱ्या रेषेने, आणि या दोन्ही रेषा वर वाढवून जिथे भेटतील तिथे बिंदू घ्या. आता मुलाला म्हणा, “खालच्या रेघेवर कुठलाही बिंदू निवड.” तो निवडलेला बिंदू आणि वरचा बिंदू पट्टीने जोडला, की ती रेषा आखूड रेघेला बरोबर एका ठिकाणी छेदते. दुसरा बिंदू निवडला की दुसरा जोडीदार मिळतो. उलट आखूड रेघेवरचा बिंदू घेऊन रेषा खाली नेली, की लांब रेघेवर त्याचा जोडीदार सापडतो. कोणीही बिनजोडीचा राहत नाही. मुलाला पाच-सहा वेळा स्वतः निवडू द्या, मुद्दाम टोकाजवळचे आणि एकमेकांना चिकटून असलेले बिंदूही घेऊ द्या. काही मुलं इथे ‘म्हणजे सारखेच?’ असं विचारतात, काही म्हणतात की ठिपके लांब रेघेवर दूर दूर आणि आखूड रेघेवर दाटीने पडतात. दुसऱ्या गटातल्या मुलांना आणखी जवळजवळचे बिंदू घेऊन हीच रचना पुन्हा करायला द्या.